बाळाच्या पोटातले जिवाणू: थेंब आणायचे की ताटात काय आहे ते बघायचं?

मृण्मयी_के

लहान बाळं असलेल्या आयांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या प्रोबायोटिक थेंबांचा, म्हणजे जिवंत 'चांगले' जिवाणू असलेल्या थेंबांचा, विषय निघतोच. बाळ रडतंय, थेंब. शी हिरवी झाली, थेंब. वजन वाढत नाही, थेंब. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून शेजारणी आणि मैत्रिणी मला विचारतात आणि दर वेळी फोनवर अर्धंमुर्धंच सांगून होतं. एकदाचं सविस्तर लिहून ठेवते. इथे डॉक्टर मंडळीही आहेत, त्यांनी भर घालावी.

माझं म्हणणं आधीच सांगते. पोटात चांगले जिवाणू बाहेरून आणून सोडण्यापेक्षा तिथे असलेल्यांना रोज खायला काय मिळतं हे कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे. आणि निरोगी, पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत ते खाणं बहुतेक आपल्याच घरात असतं.

सुरुवात आईच्या दुधापासून करू. त्यात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल प्रमाण असतं ते काही गुंतागुंतीच्या शर्करांचं. ह्यूमन मिल्क ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे एचएमओ. त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार ओळखले गेले आहेत. नवल हे, की बाळाला त्या पचवताच येत नाहीत! त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथे बिफिडोबॅक्टेरियम कुळातले जिवाणू त्यांच्यावर जगतात. स्तनपान करणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हे जिवाणू पहिल्यांदा सापडले १८९९ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, आँरी तिसिए यांना. ते या शर्करांपासून अ‍ॅसिटिक आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात, आतड्यातली आम्लता वाढते आणि रोगजंतूंना तिथे बस्तान बसवणं अवघड जातं. आईचं शरीर स्वतःची ताकद खर्चून बाळाच्या पोटातल्या पाहुण्यांचाही स्वयंपाक करतं, असं मी वर्गात सांगते.

म्हणून पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू करा, सहा महिने फक्त आईचं दूध द्या आणि मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ते चालू ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिल्या दिवसांतलं पिवळसर, घट्ट चीकदूध तर अजिबात वाया घालवायचं नाही. काही घरांत ते अजूनही पिळून टाकतात, त्याने जीव कळवळतो.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की चित्र पालटतं. डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं यांतला आपल्याला न पचणारा चोथा खाणारे जिवाणू वाढू लागतात. तिसऱ्या वर्षापर्यंत पोटातली जिवाणूंची वस्ती बरीचशी मोठ्या माणसासारखी होते. वस्ती बसण्याचा मुख्य काळ हाच.

आता ज्या संशोधनाने मला हा धागा लिहायला भाग पाडलं ते सांगते. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य संशोधन संस्थेचे तहमीद अहमद यांच्या गटांनी कुपोषित मुलांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. कुपोषित मुलाच्या पोटातली वस्ती त्याच्या वयाच्या मानाने 'लहान' राहिलेली असते, असं २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं. दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात त्याहून बऱ्याच लहान बाळाची वस्ती. नेहमीचा पोषण आहार दिला की ती थोडी पुढे सरकते आणि पुन्हा मागे जाते. मग त्यांनी उलट वाट धरली. वाढत्या वयाचे जे जिवाणू हवेत, त्यांना कुठलं अन्न मानवतं ते शोधलं. त्यातून जे मिश्रण निघालं त्यात होतं हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्चं केळं. ढाक्याच्या मीरपूर भागातल्या १२ ते १८ महिन्यांच्या मुलांवर तीन महिने त्याची चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रचलित पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते, तरी मुलांचं वजन जास्त चांगलं वाढलं.

हरभरा, शेंगदाणा, केळं. मंडईतल्या कुठल्याही गाळ्यावर मिळणाऱ्या वस्तू.

थेंबांच्या बाजूनेही एक भक्कम अभ्यास आहे, तो लपवायचा नाही. ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर चाचणी केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक वाण आठवडाभर दिला, तर पहिल्या दोन महिन्यांतला रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले. पण त्या पुडीत जिवाणूंबरोबर त्यांचं खाद्यही होतं, फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड. आणि बाळं अगदी नवजात होती. दुकानातल्या कुठल्याही थेंबांना हा निकाल चिकटवता येत नाही. वाण बदलला की परिणाम बदलतो.

---

निशिगंधा_१२

फार छान लिहिलं आहेस. वाचनखूण साठवली.

---

शुभदा_ताई

मृण्मयी, लेख आवडला. मी सत्तरीची आहे, सदाशिव पेठेत तीन नातवंडं अंगाखांद्यावर वाढवली. आमच्याकडे बाळाला गुटी असायचीच. सहाणेवर हरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक यांचे मोजून वळसे द्यायचे आणि मधात किंवा आईच्या दुधात चाटवायचं. आता सूनबाई म्हणते की डॉक्टरांनी नको सांगितलं. मी आग्रह धरत नाही, पण का नको ते कोणी समजावून सांगेल का?

दुसरं, नाचणीचं सत्त्व तरी चालेल ना? मी ते अजून घरीच करते. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची.

---

डॉ_अभय_बालरोग

शुभदाताई, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि याचं उत्तर या धाग्याच्या विषयातच आहे.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूची बीजं असू शकतात. आपण मोठी माणसं तोच मध खातो आणि काही होत नाही, कारण आपल्या आतड्यातली दाट वस्ती त्या बीजांना रुजू देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाची वस्ती अजून विरळ असते. तिथे ती बीजं रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. प्रकार दुर्मिळ आहे, पण जिवावर बेतणारा आहे. म्हणून वर्षाच्या आत मध नाही, चाटणातही नाही.

गुटीच्या बाकीच्या वस्तूंबद्दल: सहाण, पाणी, हात या सगळ्यांतून जंतू जाऊ शकतात, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय कशाचीच गरज नसते. अगदी पाण्याचीही नाही.

सत्त्वाबद्दल मृण्मयींनी सांगावं.

---

मृण्मयी_के

ताई, सत्त्व चालेल, नव्हे, द्याच. मात्र सहा महिने पूर्ण झाल्यावर.

मोड आणताना दाण्यात अमायलेज नावाचं वितंचक (एन्झाइम) तयार होतं, ते पिष्टाचे तुकडे करतं. त्यामुळे मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बाळाचं पोट इवलंसं, म्हणून ही फार मोलाची गोष्ट आहे. मोडामुळे लोह अडवून धरणारं फायटेटही कमी होतं, म्हणजे लोह जरा बरं शोषलं जातं. कॅल्शियम तर १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. फक्त खरपूस भाजू नका, फार उष्णतेने ते वितंचक निकामी होतं.

वस्त्रगाळ करताना कोंडा निघून जातो, आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना तोच हवा असतो. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला गाळलेलं ठीक आहे. वर्षाचं झालं की न गाळलेल्या पिठाची आंबील, भाकरीचा मऊ कुस्करा द्यायला लागा. साखर-गूळ घालू नका, वर थोडं तूप सोडा.

---

हर्षद_वारजे

माझ्या मुलीचा जन्म पुऱ्या दिवसांच्या बराच आधी झाला. बरेच दिवस ती काचेच्या पेटीत होती. सिझेरियन, अँटिबायोटिक, फॉर्म्युला, सगळंच झालं. बायकोला दूध आलंच नाही म्हणावं इतकं कमी. इथे आईच्या दुधाबद्दल वाचून ती काल रात्री रडली. मला विचारायचं आहे की आमच्या मुलीचं काही कायमचं नुकसान झालंय का?

---

डॉ_अभय_बालरोग

हर्षद, तुमच्या पत्नीला हे वाचून दाखवा.

अकाली जन्मलेल्या बाळाला वाचवायला जे लागतं ते आधी. त्या अँटिबायोटिकने तुमची मुलगी आज घरी आहे. सिझेरियनच्या बाळांत सुरुवातीला बॅक्टेरॉइड्स गटाचे जिवाणू कमी असतात हे खरं. पण ब्रिटनमध्ये जवळजवळ ६०० बाळांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा ते नऊ महिन्यांपर्यंत एकूण वस्तीतला फरक बराचसा कमी झालेला दिसला, बॅक्टेरॉइड्सचा मात्र काही अंशी राहिला. पुढचं अन्न, घरातली माणसं, मांडीवर खेळवणं, सगळ्यातून वस्ती भरत जाते.

फॉर्म्युला ही गरज असेल तेव्हा योग्य गोष्ट आहे. मापाने, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने द्या. पातळ करू नका. नाजूक बाळांसाठी मानवी दुधाची पेढी हाही मार्ग आहे. आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससूनमध्येही आहे. ज्यांच्याकडे दूध जास्त आहे त्या आयांनी जरूर चौकशी करावी.

आणि अकाली जन्मलेल्या बाळाला प्रोबायोटिक थेंब स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे. अशा बाळांत तेच जिवाणू रक्तात शिरून जंतुसंसर्ग करू शकतात.

---

हर्षद_वारजे

डॉक्टर, तिने वाचलं. मनापासून आभार. मुलगी आता आठ महिन्यांची आहे, मऊ खिचडी आवडीने खाते.

---

रानवाटा

मी मुळशी भागात अंगणवाड्यांबरोबर काम करते. हा विषय शहरातल्या थेंबांपुरता राहू नये म्हणून लिहिते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि चारांतलं एक मूल उंचीच्या मानाने हडकुळं. आपला पुणे जिल्हा समृद्ध म्हणवतो, पण धरणाच्या पल्याड वाडीवर दंडघेराची पट्टी घेऊन बसा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल पट्टा, म्हणजे तीव्र कुपोषण, लागतो. दंड इतका बारीक असतो की पट्टी ओढली तर चामडी वळते, म्हणून सेविकाताई ती हलक्या हाताने टेकवतात आणि दोनदा बघतात.

मी रोज बघते ते सांगू? वरणाचं पाणी. आई डाळ शिजवते, वरचं पिवळं पाणी बाळाला आणि खालचा गोळा मोठ्यांना. बाळाचं पोट भरतं, त्यात जवळजवळ काही नसतं. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान करणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला २०० कॅलरी लागतात, वर्ष झाल्यावर साडेपाचशेच्या आसपास. पाण्यातून त्या येणार कशा? दुसरं, चहा-बिस्किट. सकाळी आई भातलावणीला जाते, आजीकडे बाळ आणि बशीत बुडवलेलं बिस्किट. चहाने लोह कमी शोषलं जातं, आणि ते बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर.

अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार, टीएचआर, मिळतो. पण पाकीट घरी गेलं की चार भावंडांत वाटलं जातं. आईला दोष देऊ नका. समोर चार तोंडं असताना एकालाच भरवणं कुणाला जमेल?

म्हणून ढाक्याचं मिश्रण वाचून बरं वाटलं. आमच्याकडे फुटाणे आहेत, शेंगदाणे आहेत, परसात केळ आहे. फुटाणे-शेंगदाण्याचं बारीक कूट डब्यात भरून ठेवा आणि बाळाच्या घट्ट वरणभातात दर वेळी चमचाभर घाला, एवढं आम्ही आयांना सांगतो. अख्खा दाणा मात्र कधीच नाही, घशात अडकतो.

---

मृण्मयी_के

@रानवाटा, हा प्रतिसाद धाग्याच्या वर असायला हवा होता. वरणाच्या पाण्याचं शहरातही तेच आहे, फक्त वाटी चांदीची असते.

कूटाबद्दल एक जोड. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होईल म्हणून उच्चभ्रू घरांत तो दोन-तीन वर्षं टाळतात. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या २०१५ च्या अभ्यासात उलट दिसलं. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अशा बाळांना मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

आणि गरोदरपण विसरू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण चरबी त्या मानाने कमी नव्हती, स्नायू कमी होते. बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळांत पुढच्या मधुमेहाची बीजं पोटातच पडतात, हे जगाला पुण्याने दाखवलं. आणि ज्या बायांनी पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाल्लं त्यांची बाळं अधिक भरलेली होती. बाळाच्या घडणीचे पहिले हजार दिवस म्हणतात ते मोजायचे पोट राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत.

---

समीर_धायरी

आम्ही धायरीत राहतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी पट्ट्यात जीबीएसची (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराची) साथ आली तेव्हापासून पाणी उकळूनच पितो. मुलगा दीड वर्षाचा. ऑफिसातले लोक म्हणतात, इतकं जपलंस तर त्याच्या पोटात चांगले जिवाणू येणार कुठून? थोडी घाण पोटात जाऊ दे. खरं आहे का हे?

---

डॉ_अभय_बालरोग

अजिबात नाही. पाणी उकळत राहा.

त्या साथीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला होता. मैलामिश्रित पाण्यातून येतात ते असले जंतू. चांगले जिवाणू येतात आईकडून, घरच्या माणसांकडून, दही-ताकातून, अन्नातून. मुलाला मातीत खेळू द्या, कुत्र्या-मांजराला हात लावू द्या, मग हात धुवा.

वारंवार घाण पोटात गेली की मूल वरून धडधाकट दिसलं तरी आतड्याच्या अस्तराला सतत सूज राहते, अन्न शोषणारे बारीक अंकुर झिजतात. म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. फक्त एवढंही लक्षात घ्या की बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या मोठ्या अभ्यासांत नुसतं घरगुती संडास, हात धुणं आणि शुद्ध पाणी एवढ्याने मुलांची उंची वाढली नाही. सगळ्या वस्तीचं पाणी आणि मैला नीट झाला पाहिजे, आणि ताट भरलेलं पाहिजे.

अँटिबायोटिकबद्दल बोलायचं राहिलं. सर्दी, बहुतेक खोकला आणि बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, तिथे त्याचा उपयोग शून्य, आणि पोटातली नुकती बसलेली वस्ती मात्र उठते. माझ्याकडे पालक फ्रिजच्या दारातली अर्धी उरलेली बाटली घेऊन येतात, "मागच्या वेळी याने बरं वाटलं होतं, आत्ता दिलं दोनदा." पाणी घालून बनवलेलं ते औषध ठरावीक दिवसांनी निकामी होतं. उरलेलं फेकून द्या. न्यूमोनिया असेल, रक्ताचे जुलाब असतील तर मात्र मी लिहून दिलेला कोर्स पूर्ण करा, तिथे कचरू नका.

साध्या जुलाबात ओआरएस आणि झिंक. सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन आठवडे, जुलाब थांबले तरी. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. खाणं आणि स्तनपान थांबवू नका. प्रोबायोटिकचं म्हणाल तर अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ मध्ये आल्या, मिळून १,५०० हून जास्त मुलं. जुलाबांवर त्या कुप्यांनी काही फरक पडला नाही.

---

निशिगंधा_१२

आपल्या भारतीय पोटांवर कोणी काम केलंय का? सगळे अभ्यास तिकडचेच दिसतात.

---

मृण्मयी_के

झालंय, आणि पुण्यातच. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संशोधन संस्थेत डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने बरंच काम केलं. आघारकर संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २०१२ मध्ये एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले. एकत्र कुटुंब, एकच चूल, तरी वयाप्रमाणे वस्ती बदललेली. शिवाय भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला गटाचे जिवाणू भरपूर आढळतात, जे धान्य-कडधान्यांच्या आहाराशी जोडलेले आहेत. परदेशी माणसाच्या पोटासाठी निवडलेला वाण आपल्या पोटात तसाच वागेल हे गृहीत धरता येत नाही, हाही थेंबांबद्दल सबुरीचा एक मुद्दा.

---

अनुजा_पाषाण

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत वस्ती बसते म्हणता, मग आमची वेळ गेली का? वरण-भात, पोळी-तूप-साखर याच्यापलीकडे ती काही खात नाही.

---

मृण्मयी_के

गेली नाही. वस्ती बसते म्हणजे गोठत नाही. मोठ्या माणसांतही आहार बदलला की काही दिवसांत जिवाणूंचं प्रमाण बदलताना दिसतं. चवीचं म्हणाल, तर मुलं एखादा नवा पदार्थ स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावा लागतो. जबरदस्ती न करता ताटाच्या कडेला चमचाभर ठेवत राहायचं आणि आपण स्वतः तेच खायचं. मुगाच्या डाळीत सालीची डाळ मिसळा. मटकीला मोड आणून आधी तिच्या वरणातच शिजवून घोटा. साखरेच्या जागी केळं कुस्करा.

---

अनुजा_पाषाण

हे जमेल. आणि शाळेच्या डब्याला?

---

शुभदा_ताई

अगं, थालीपीठ. भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धने, सगळं आलं. त्यात किसलेला दुधी, कांदा, कोथिंबीर मळायची. ओल्या फडक्यावर तळहाताएवढी छोटी थापायची, मधे भोक पाडून तेल सोडायचं, झाकण ठेवून मंद भाजायची. बरोबर लोणी आणि घट्ट दही. माझी धाकटी नात दुधी म्हटलं की तोंड फिरवते, थालीपिठातला तिला कळतही नाही.